शिंदीच्या झाडावरचे काम

शिंदी ही खजुराच्याच प्रजातीतली भारतीय जात. शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्वेस्ट्रिस. लिनियसने १७५३ साली तिची नोंद केली ती वेगळ्या प्रजातीत. पुढे विल्यम रॉक्सबर्गने तिला खजुराच्या प्रजातीत आणून बसवले आणि आज तीच मांडणी मानली जाते. झाड चार मीटरपासून बारा-पंधरा मीटरपर्यंत वाढू शकते, पण ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत बांधावर दिसणारी बरीचशी झाडे दोन-तीन पुरुष उंचीची असतात. ताडामाडांच्या रांगेत ती ठेंगणीच वाटतात. खोड एकच असते आणि गळून गेलेल्या फड्यांच्या देठांचे खुंट त्यावर खवल्यांसारखे राहतात. फडा तीन मीटरपर्यंत लांब, करड्या-हिरव्या रंगाचा. त्याची पाती एका पातळीत न राहता वेगवेगळ्या दिशांना फुटतात आणि देठाच्या बुडाकडे त्यांचेच लांब, ताठ काटे होतात. या झाडावर ज्याने एक हंगाम काम केले आहे तो त्याचे वर्णन काट्यांपासूनच सुरू करतो.

भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात. तालुक्याचा ग्रामीण भाग मात्र पिढ्यान्‌पिढ्या भातशेतीचा राहिला आहे. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी-गणेशपुरी, अंबाडीकडचा चढउताराचा भाग, पडघ्याच्या आसपासची माळराने, कामवारीचे काठ आणि खाडीकडे उतरत जाणारी खाजणे, अशा एकाच तालुक्यात जमिनीच्या अनेक तऱ्हा आहेत. शिंदीला यातली कोणतीच वर्ज्य नाही. पावसाळ्यात चार महिने बुडाशी पाणी साचले तरी ती तगते, उन्हाळ्यात माती भेगाळली तरी तगते, थोडा खारेपणाही सोसते. म्हणून भाताच्या बांधावर, ओढ्याच्या कडेला, विहिरीशेजारी ती आपोआप उगवलेली सापडते. मुद्दाम लावलेले झाड विरळा. पिकलेली फळे मैना, बुलबुल, कोकीळ खातात, जमिनीवर पडलेली कोल्हे आणि उदमांजरे खातात आणि बिया जिथे टाकतात तिथे रोप येते. बांधाला तिच्या दाट, तंतुमय मुळांचा आधार मिळतो, त्यामुळे शेतकरी तिला सहसा उपटत नाही. पण तिला खतपाणीही घालत नाही.

शिंदीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. रोप लहान असताना कोणते नर आणि कोणते मादी हे कोणालाच सांगता येत नाही. पहिला मोहर येईपर्यंत वाट पाहावी लागते. कोकणपट्टीत हिवाळा सरता सरता मोहर येतो. नराचा मोहर पांढरट, दाट आणि झटकला की पीठ उडावे तसा पराग सोडणारा. मादीचा मोहर विरळ, हिरवट मण्यांचा. वारा आणि कीटक हे दोघे परागाची ने-आण करतात. आसपास नर झाड नसेल तर मादीला नीट फळ धरत नाही. गावात एखादे झाड दरवर्षी मोहरते आणि वांझच राहते, याचे कारण पुष्कळदा इतकेच असते की शेजारचा नर कोणीतरी तोडलेला असतो.

फळ दोन-अडीच सेंटिमीटर लांब. कच्चे असताना हिरवे, मग नारिंगी-पिवळे आणि पूर्ण पिकले की तांबूस-जांभळे. मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर ते पिकते. पिवळे फळ दिसायला सुंदर, पण खाल्ले की जीभ आणि टाळू आवळून येतात. त्यातल्या तुरट द्रव्यांचा हा परिणाम. फळ मऊ पडून काळसर झाले की तुरटपणा जातो आणि खजुराचीच गोडी येते, फक्त गर पातळ आणि बी मोठी. म्हणून शिंदीची फळे पोट भरायला कोणी खात नाही, गुरे राखताना, शेतावर जाता-येता मुले खातात. घडावरची सगळी फळे एकदम पिकत नाहीत. पूर्ण पिकण्याची वाट पाहिली तर पक्षी अर्धा घड संपवतात आणि पहिला जोराचा पाऊस पडला की उरलेली फळे आंबतात. म्हणून जाणती माणसे घड नारिंगी झाल्यावर, दोन-चार फळे मऊ पडली की तोडतात आणि घरात गवतात किंवा पेंढ्यात दडपून ठेवतात. काही भागांत घडाला मिठाचे पाणीही लावतात. दोन-तीन दिवसांत फळे उतरतात.

ही फळे बाजारात फारशी येत नाहीत. त्याच दिवसांत करवंदे, जांभळे, ताडगोळे आणि गावठी आंबे घेऊन कातकरी आणि वारली बायका रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांच्या टोपलीत शिंदीचे घड क्वचित दिसतात. भिवंडी शहरात मात्र या फळाची ओळख असलेली मोठी वस्ती आहे. पद्मनगर हा तेलुगू विणकरांचा भाग. तेलंगणाच्या ज्या जिल्ह्यांतून ही कुटुंबे मागावर कामासाठी आली तिथे हेच झाड गावोगाव आहे, त्याचा रस तिथल्या सणासमारंभांत रुजलेला आहे आणि फळेही आवडीने खाल्ली जातात. तालुक्यातल्या शिंदीची फळे बांधावर झडून जातात आणि आठ-दहा मैलांवर ती ओळखणारी माणसे राहतात. या दोन टोकांना जोडणारा व्यापार उभा राहिला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. फळ दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की या भागात शिंदीची किंमत नेहमी तिच्या रसावरूनच ठरत आली.

रस काढण्याच्या कामाला झाड छेदणे म्हणतात. ताड, माड आणि शिंदी या तिघांच्या छेदण्यात मोठा फरक आहे. ताडामाडाचा रस मोहराच्या दांड्यातून येतो. दांडा ठेचून, बांधून, टोक रोज थोडे थोडे कापत जायचे असते. शिंदीचा रस खोडातून येतो, शेंड्याच्या लगेच खालून. म्हणजे ताडाच्या बाबतीत सुरी चुकली तर एक दांडा जातो, शिंदीच्या बाबतीत चुकली तर झाड जाते. तालवर्गातल्या झाडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो फड्यांच्या मधोमध, रसाच्या जागेपासून जेमतेम हातभर वर असतो. सुरी तिथवर पोचली तर पुन्हा फुटवा येत नाही.

किनाऱ्याकडे हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. आत डोंगराकडे वारली आणि इतर आदिवासी छेदणारे जास्त. हंगाम पाऊस उघडल्यावर सुरू होतो आणि थंडी संपेपर्यंत चालतो. झाड निवडताना खोडाचा घेर आणि शेंड्याची भर पाहतात. पाच-सहा वर्षांखालच्या झाडाला हात लावत नाहीत. नर की मादी याने फरक पडत नाही, रस दोघांनाही येतो. झाड शेतकऱ्याच्या बांधावर आणि छेदणारा दुसराच, असे बहुधा असते. हंगामापुरती बोली ठरते.

पहिल्या दिवशी रस काढायचाच नसतो. छेदणारा दोर कमरेला आणि झाडाला घेऊन वर चढतो, एका बाजूचे खालचे फडे उतरवतो, त्यांच्या देठांची बुडे आणि त्यांना लपेटलेले तपकिरी जाळे सोलून काढतो आणि आतला पांढरा, कोवळा भाग उघडा करतो. मग ती जागा काही दिवस तशीच सुकू देतो. घाईने त्याच दिवशी छेद घेतला तर जागा कुजू लागते आणि रसाला वास येतो. वरचा थर सुकून आवळला की त्यावर त्रिकोणी छेद घेतात: वरून रुंद, खाली निमुळता. निमुळत्या टोकाशी बांबूची छोटी पन्हळ ठोकतात आणि तिच्याखाली मडके बांधतात. त्यानंतर रोज संध्याकाळी त्याच छेदावरून सुरी फिरवायची, इतक्या पातळ थराने की निघालेल्या पापुद्र्यातून उजेड दिसावा. थर जाड निघाला तर हंगाम अर्ध्यावर येण्याआधीच छेद खोल जातो, आणि पुरेसा निघाला नाही तर जुनी जखम बंद राहून रस थांबतो. हे प्रमाण तोंडी सांगून येत नाही. नवशिक्याला पहिला हंगाम जाणत्याच्या हाताखाली मडकी उतरवण्यात आणि धुण्यातच काढावा लागतो, आणि सुरी त्याच्या हाती उशिरा दिली जाते ती याचसाठी.

सुरीइतकेच महत्त्व विश्रांतीला आहे. बंगालमध्ये, जिथे याच झाडाच्या रसापासून थंडीतला प्रसिद्ध गूळ होतो, तिथे काही दिवस छेद घेऊन मग तितकेच दिवस झाड मोकळे सोडण्याची रीत आहे. विश्रांतीनंतरच्या पहिल्या रात्रीचा रस सर्वांत गोड आणि स्वच्छ मानतात. दुसरा नियम बाजूचा. यंदा पूर्वेकडून छेद घेतला तर पुढच्या वर्षी पश्चिमेकडून, आणि तोही वर वाढलेल्या नव्या भागात. आंब्या-सागाच्या खोडाला जखम झाली तर सालीखालचा थर नवे लाकूड तयार करून ती भरून काढतो. शिंदीच्या खोडात असा थर नसतो, त्यामुळे जखम सुकते पण भरत नाही. प्रत्येक हंगामाची खाच आयुष्यभर राहते. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशा खाचांनी जुन्या झाडाचे खोड नागमोडी दिसते. या खाचा मोजल्या की झाड किती हंगाम छेदले गेले ते कळते, आणि त्यांच्या खोलीवरून छेदणारा जपून काम करणारा होता की ओरबाडणारा, हेही कळते. दोन खाचा एकाच बाजूला लागोपाठ असतील तर त्या जागी खोड पोखरल्यासारखे होते आणि वादळात झाड तिथेच मोडते.

पहाटे मडके उतरवताना रस पारदर्शक आणि गोड असतो; हीच नीरा. तिच्यात साधारण दहा-बारा टक्के साखर असते. थंडी जितकी कडक तितका रस चांगला, आणि ढगाळ हवेत तो लवकर आंबतो. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट कामाला लागले की काही तासांत साखरेची दारू होऊ लागते. सूर्य वर आला की नीरेची ताडी होते, आणि दुपारनंतर ती आंबट होऊन संध्याकाळी शिरक्याकडे झुकते. नीरा नीरेच्या रूपातच ठेवायची असेल तर मडके रोज धुऊन, उन्हात वा धुरावर सुकवून, आतून चुन्याचा हात देऊन बांधावे लागते. चुना आंबण्याची क्रिया रोखतो. नीरा आणि ताडी यांत फरक पडतो तो या मडके धुण्याच्या कंटाळवाण्या कामामुळे. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर आणि पुण्यासारख्या शहरांत नीरेची केंद्रे चालली ती थंड साठवणुकीच्या जोरावर. खेड्यात ती सोय नसल्याने रसाचा मोठा भाग ताडीकडेच जात राहिला.

सरकारने या झाडाकडे पाहिले ते बहुतांशी या ताडीच्या निमित्तानेच. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने छेदण्यावर परवाना आणि झाडामागे कर आला, आणि ठाणे जिल्ह्यात ज्यांचे जगणे ताडा-शिंदीवर होते त्यांना तो जाचक झाला. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरलाही या धंद्याची दखल घ्यावी लागली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडीवर बंदी आणली, नीरेला वेगळी वाट ठेवली. पुढे बंदी सैल झाली आणि ताडी परवान्याने पुन्हा सुरू झाली. आज झाड छेदायचे तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. या साऱ्या इतिहासात शिंदी कायम महसुलाची किंवा गुन्ह्याची बाब राहिली, शेतीची झाली नाही. कृषी खात्याने तिच्या लागवडीची, निवडीची, चांगल्या फळाच्या झाडांच्या शोधाची तसदी घेतली असती तर चित्र निराळे दिसले असते.

एक प्रयत्न मात्र मनापासून झाला. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि ताडगुळाला त्याच्या कार्यक्रमात स्थान मिळाले. वर्ध्याजवळच्या सिंदी गावात राहून ग्रामसेवा करणाऱ्या गजानन नाईकांनी पुढे या कामाला वाहून घेतले आणि स्वातंत्र्यानंतर ते भारत सरकारचे ताडगुळाचे सल्लागार झाले. विचार साधा होता: ज्या झाडातून दारू निघते त्यातूनच गूळ काढला तर छेदणाऱ्याची रोजी जात नाही आणि ऊस लावायला लागणारी ओलिताची जमीन अन्नधान्याला मोकळी राहते. हा विचार आजही खरा आहे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने जून २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या डहाणूला २०० कारागिरांना सात दिवसांचे प्रशिक्षण देऊन नीरा काढण्याची आणि गूळ करण्याची साधने वाटली, ती याच वाटेवरची पायरी. गुळाचे गणित मात्र कष्टाचे आहे. आठ-दहा लिटर नीरा आटवली की साधारण एक किलो गूळ पडतो. तो आटवण्याचे काम त्याच सकाळी, रस आंबायच्या आत सुरू करावे लागते. आंबट रसाचा गूळ धरत नाही. कढई, सरपण आणि एका माणसाची अख्खी सकाळ एवढे खर्ची पडते. ताडीला यातले काहीच लागत नाही. म्हणून गुळाला चांगला भाव आणि खात्रीचे गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय छेदणारा ताडी सोडणार नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

ताडीच्या धंद्याला लागलेली खरी कीड भेसळीची. राज्यात झाडे कमी आणि मागणी जास्त असल्याने ताडीच्या नावाखाली पाणी, साखर, सॅकरिन आणि क्लोरल हायड्रेट यांचे मिश्रण विकले गेल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आली आहेत. क्लोरल हायड्रेट हे झोप आणणारे औषधी रसायन आहे. त्याचे व्यसन जडते आणि ते जीवही घेते. या प्रकरणांमुळे झाडावर चढून खरा रस काढणाऱ्या माणसाचे नाव विनाकारण खराब झाले आहे. बाटलीतली भेसळ करणाऱ्याला झाडावर चढावेच लागत नाही.

छेदणाऱ्याचे धोके वेगळे आहेत. शिंदीचे झाड ताडापेक्षा बुटके, खोडावर देठांचे खुंट आणि जुन्या खाचा असल्याने पाय ठेवायला जागा चांगली. म्हणून दोर न घेता चढण्याचा मोह होतो. पण दोन पुरुष उंचीवरून पडलेला माणूसही कंबर आणि मणका मोडून घेतो. दुसरा धोका काट्याचा. शिंदीचा काटा बोटाच्या पेरात किंवा गुडघ्यात शिरून आत मोडला की वरची जखम आठवड्यात मिटते, पण सांधा महिनोन्‌महिने सुजत आणि ठणकत राहतो. काट्याचा तुकडा सांध्याच्या अस्तराला सतत डिवचत असतो आणि एक्स-रेमध्ये तो बहुधा दिसत नाही. डॉक्टरला काटा मोडल्याचे आवर्जून सांगितले नाही तर निदान भलतीकडे जाते. डोळ्याला लागलेला काटा याहून वाईट. उतरवलेले फडे वरून टाकण्याआधी खाली हाक देण्याची पद्धत आहे ती म्हणूनच.

तिसरी गोष्ट वटवाघळांची. छेदाजवळचा गोड रस चाटायला फळे खाणारी वटवाघळे रात्री येतात आणि त्यांची लाळ किंवा मूत्र मडक्यात पडते. बांगलादेशात २००५ साली टांगाईल जिल्ह्यात निपाह विषाणूची साथ पसरली, तेव्हा तिचा संबंध शिंदीच्या कच्च्या रसाशी जुळला. त्यानंतर तिथल्या संशोधकांनी छेद आणि मडके यांवर बांबूच्या कामट्यांचे किंवा तागाच्या काड्यांचे आवरण बांधण्याची जुनीच पद्धत पारखून पाहिली आणि रात्री कॅमेरे लावून दाखवून दिले की आवरण असले की वटवाघळे रसापर्यंत पोचत नाहीत. महाराष्ट्रात शिंदीच्या रसातून अशी साथ आल्याची नोंद नाही. तरी मडक्यावर झाकण बांधायला मूठभर कामट्या आणि पाव तास लागतो. तेवढे करायला साथीची वाट पाहू नये. आटवलेल्या गुळाला हा धोका उरत नाही.

रसाबरोबर झाडाचे दुसरे देणे फड्यांचे. महाराष्ट्रात अंगणाला नारळाच्या हिरांचा खराटा आणि घरात शिंदीच्या पात्यांची केरसुणी, अशी वाटणी फार जुनी आहे. केरसुणी बांधण्याचे काम प्रामुख्याने मातंग समाजातल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. ते बहुतेक घरी, सगळ्यांनी मिळून होते. पुरुष फडे तोडून आणतात, काटे छाटतात. फडे उन्हात अंथरून वाळवायचे, हिरवा रंग जाऊन फिका झाला की पाती ओढून वेगळी करायची. पाते फार वाळले तर बांधताना तुटते, म्हणून बांधण्याआधी त्यावर पाण्याचा शिपका मारून थोडा वेळ झाकून ठेवतात. मग मूठमूठ पात्यांच्या जुड्या एकीला एक लावत जायच्या आणि पात्याच्याच वळलेल्या दोरीने वेढा देत मूठ विणायची. प्रत्येक वेढा पायाच्या अंगठ्यात धरून ओढला जातो. तो सैल राहिला तर महिन्याभरात केरसुणीतून पाती गळू लागतात. शेवटी खालची टोके लाकडात ठोकलेल्या खिळ्यांच्या फणीवरून विंचरतात. एक पाते चिरून त्याचे चार-सहा बारीक तंतू होतात आणि तेव्हा कुठे तिला बारीक धूळ उचलता येते. बांधणाऱ्या बाईचे तळहात आणि अंगठे पाहिले की तिला हे काम किती वर्षे झाली असतील याचा अंदाज येतो.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. वर्षाची मोठी विक्री या चार-सहा दिवसांत होते, त्यासाठी फडे पावसाळा संपता संपता तोडावे लागतात. छेदणाऱ्याचा हंगामही त्याच सुमारास सुरू होतो. म्हणजे एकाच झाडावर दोघांचा डोळा एकाच वेळी असतो. यात समजूतदारपणा असेल तर दोघांचे भागते: छेदणारा जे फडे उतरवणारच असतो ते बांधणाऱ्यांच्या घरी जातात. समजूत नसेल तर झाड उघडेबोडके होते. फडे हेच झाडाचे अन्न तयार करणारे अवयव. ते बेताबाहेर तोडले की रस पातळ पडतो, पुढच्या वर्षी मोहर कमी येतो आणि खोड शेंड्याकडे बारीक होत जाते. छेदलेल्या मादीला फळही कमी धरते, कारण फळात जाणारी साखर मडक्यात गेलेली असते. ज्या गावात झाडे भरपूर होती तिथे हा तिढा नव्हता. काही झाडे रसासाठी, काही फड्यांसाठी, आणि घराजवळची एखादी मादी मुलांच्या फळांसाठी राखलेली असे. झाडे कमी झाली तसे प्रत्येक झाडावर सगळ्यांचे ओझे आले.

जखमी झाडावर कीड लवकर बसते. ताज्या छेदाच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, जखमेत अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. बाहेरून काही दिसत नाही; खोडाला कान लावला तर आतला करकर आवाज येतो आणि छिद्रातून तांबूस, आंबूस वासाचा चिकट द्रव पाझरतो. शेंडा कलला की उपाय उरत नाही. गेंडा भुंगा न उघडलेले कोवळे फडे कुरतडतो, त्यामुळे फडा उघडल्यावर त्याची पाती कात्रीने कापल्यासारखी दिसतात. हंगाम संपल्यावर उघड्या छेदाला राख किंवा चुना फासण्याची जुनी रीत या भुंग्यांच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. सुगरण पक्षी मात्र फड्यांची पाती चिरून त्यांच्या धाग्यांनी त्याच झाडावर खोपे विणतात आणि झाडाला काहीही इजा होत नाही.

भिवंडी तालुक्यात शिंदी कमी होण्याचे मोठे कारण कीड नव्हे आणि छेदणारेही नव्हेत. मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना आणि ठाण्याकडच्या रस्त्यालगत, काल्हेर, पूर्णा, दापोडे, मानकोलीच्या पट्ट्यात, भातशेतीची जागा गोदामांनी घेतली. गोदामाला सपाट भरावाची जमीन लागते. भराव पडला की बांध जातो, आणि बांध गेला की त्यावरची शिंदी जाते. ही झाडे कोणी लावलेली नसल्याने त्यांची भरपाई कोणी मागत नाही आणि पुष्कळदा मोजणीतही ती येत नाहीत. प्लास्टिकच्या झाडूंनी आणि ईशान्येकडून येणाऱ्या फुलझाडूंनी केरसुणीची मागणी घटवली, त्यामुळे फड्यांसाठी झाड राखण्याचे कारणही दुबळे झाले.

अलीकडे शिंदीला वेगळेच गिऱ्हाईक मिळाले आहे. गृहसंकुले, रिसॉर्ट आणि रस्त्यांची दुभाजके सजवायला वाढलेली झाडे मुळांसकट उचलून नेली जातात. शिंदीला खोडाच्या बुडातून नवी मुळे फुटतात, त्यामुळे बऱ्यापैकी मोठे झाडही स्थलांतर सोसते. फडे कमी करून, उरलेले कोंबाभोवती आवळून बांधून, मुळांशी मातीचा गड्डा राखून ते हलवतात आणि नवी मुळे धरेपर्यंत टेकू देतात. खाचा नसलेल्या, सरळ खोडाच्या झाडाला चांगली किंमत येते. शेतकऱ्याला बांधावरच्या झाडाचे रोख पैसे एकदाच मिळतात. रस, फडे आणि फळे यांवर अवलंबून असणाऱ्यांना त्या सौद्यात काही मिळत नाही.

नवी झाडे लावणे अवघड नाही. पूर्ण पिकलेल्या फळाची बी गर काढून, धुऊन, पावसाच्या सुरुवातीला ओलसर जागी किंवा पिशवीत लावली की काही आठवड्यांत उगवते. पहिले पान अखंड आणि अरुंद, अगदी गवताच्या पात्यासारखे असते. वर्षभर तरी रोप असेच दिसते आणि बेणणीच्या वेळी गवत समजून उपटले जाते. बांधावरची बहुतेक रोपे अशीच जातात. म्हणून रोपाशेजारी खूण म्हणून काठी रोवावी. चिरलेली पाने दिसू लागली की मग ते ओळखू येते आणि गुरेही काट्यांमुळे त्यापासून दूर राहतात. नर-मादी आधी कळत नसल्याने एक-दोन रोपांवर न थांबता सात-आठ रोपे एकत्र लावावीत, म्हणजे परागासाठी एखादा नर त्यांत येतो. पहिल्या पाच-सहा वर्षांत ना सुरी लावायची, ना शेंड्याजवळचे फडे तोडायचे.